पाचशे छर्र्यांचा डबा: साधा, मधला की मॅचचा? (१० मीटर एअर रायफल)

मृण्मयी_सातारा

नमस्कार मंडळी. क्रीडा विभागात नेमबाजीवर फारसं सापडलं नाही म्हणून नवा धागा काढतेय. आधी चर्चा झाली असेल तर लिंक द्या, हा बंद करू.

लेक नववीत आहे. १० मीटर एअर रायफल, पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायची). जिल्हा, विभाग झालं, आता राज्याची तयारी चालू आहे. क्लबात ६० शॉट्सची मॅच लावली की दशांशात (प्रत्येक शॉटचे गुण दशांशापर्यंत मोजून) ५७० च्या आगेमागे मारते, म्हणजे शॉटला साडेनऊ धरा. रायफल स्वतःची, पण सेकंडहँड. जुनी फाइनवर्कबाऊ (जर्मन कंपनी), हवेच्या सिलिंडरवाली.

प्रश्न पेलेटचा, म्हणजे छर्र्यांचा आहे. आमच्याकडे तीन भाव चालतात. देशी साधा डबा पाचशे रुपयांच्या आत येतो. मधल्या दर्जाचा परदेशी हजाराच्या घरात. आणि मॅच ग्रेड, म्हणजे आरडब्ल्यूएस आर-१० किंवा एच अँड एन फिनाले मॅच, दीड हजाराच्या वर, तोही दुकानात असला तर. डब्यात छर्रे ५००. सराव जोरात असला की डबा आठवडाभर जेमतेम पुरतो. महिन्याचा हिशोब तुम्हीच करा.

एक सर म्हणतात आत्तापासून मॅचचेच वापरा, सवय हवी. दुसरे म्हणतात या वयात सगळे सारखेच, पैसे फुकट घालवू नका. दुकानदार काय म्हणतो ते सांगायला नकोच. अनुभवी लोकांनी कृपया लिहा. गुणांत खरंच फरक पडतो का, आणि पडत असेल तर किती?

रेंजवरचा_बाबा

ताई, भावाचं नंतर बघू. आधी तीन गोष्टी सांगा. आत्ता वापरताय त्या डब्यावर हेड साइझ काय लिहिलीय? बॅरल शेवटचं कधी साफ केलं? आणि ॲक्शन (रायफलचा यंत्राचा भाग) लाकडाला धरून ठेवणारे स्क्रू कुणी तपासलेत का? सेकंडहँड रायफलीत ते हमखास ढिले असतात. मग लोक पेलेटला शिव्या घालतात.

मृण्मयी_सातारा

डब्याच्या मागच्या स्टिकरवर ४.५० आहे. साफसफाई पहिल्या मालकाने केली असेल तेवढीच. स्क्रूचं आजच सरांना विचारते.

अनुस्वार

नेमबाजीतलं ओ की ठो कळत नाही, पण वाचतोय. ४.५० म्हणजे काय? छर्रा साडेचार मिलिमीटरचा असतो हे माहीत होतं. त्यात आणखी शून्य कसलं?

जुना_नेमबाज

अनुस्वार, सगळा खेळ त्या शेवटच्या आकड्याचाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१० मीटरला वापरतात तो छर्रा सपाट डोक्याचा, वॅडकटर म्हणतात त्याला. सपाट अशासाठी की कार्डात गोल, स्वच्छ भोक पडावं आणि रेघेला लागलंय की नाही यावर भांडणं होऊ नयेत. मधे कंबर, मागे पोकळ घेर. त्या घेराला स्कर्ट म्हणतात. हवा मागून ढकलते तेव्हा शिशाचा पातळ स्कर्ट फुगून बॅरलच्या पिळदार खाचांत घट्ट बसतो, हवा निसटू देत नाही आणि छर्र्याला फिरकी मिळते. डोकं मात्र फुगत नाही. ते खाचांमधल्या उंचवट्यांवर नुसतं टेकून पुढे सरकतं. ते सैल असलं तर छर्रा आत किंचित तिरका होतो आणि तसाच बाहेर पडतो. फार घट्ट असलं तर घासटतो, वेग शॉटागणिक बदलतो. म्हणून कारखाने एकच छर्रा ४.४८ पासून ४.५२ पर्यंत वेगवेगळ्या डोक्यांत काढतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची गोष्ट आहे, आणि कुठल्या बॅरलला कुठला रुचेल हे बॅरल बनवणाराही छातीठोक सांगू शकत नाही. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफली शेजारी ठेवल्या तरी एकीला ४.४९ आवडतो, दुसरीला ४.५१.

मॅच ग्रेडच्या डब्यात तुम्ही जास्तीचे पैसे नक्की कशाला देता? एक, पाचशेचे पाचशे एकसारखे असण्याला. दोन, स्कर्ट न चेपता घरी येण्याला (महागातले काही ट्रेमध्ये, प्रत्येकाला वेगळं घर करून येतात). तीन, स्टिकरवरच्या लॉट नंबरला, म्हणजे माल कुठल्या खेपेत बनला त्या क्रमांकाला. पण तो एकसारखेपणा तुमच्या बॅरलच्या कामाचा आहे की नाही, हे डबा सांगत नाही. चुकीच्या हेड साइझचा महाग डबा म्हणजे पाचशे छर्रे अगदी एकसारखे चुकणार.

तेव्हा ताई, आधी टेस्टिंग करा. क्लबात शिकंजा असेल तर रायफल त्यात बांधायची. नसेल तर टेबलावर बसून, वाळूच्या पिशवीवर टेकवून मारायची, आणि हे काम लेकीने नाही, क्लबातल्या सर्वांत स्थिर हाताच्या माणसाने करायचं. आधी बॅरलमधून फेल्टच्या गोळ्या घालून साफ करून घ्या, मग नव्या छर्र्याचे दहा-पंधरा शॉट बॅरल बसण्यासाठी सोडून द्या. त्यानंतर दहा-दहाचे निदान तीन ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या शॉट्सचा झुबका), प्रत्येक जातीचे. पाचाच्या एका ग्रुपवर कुणी निकाल देत असेल तर मान डोलावून पुढे चला. पाचात नशीबच जास्त बोलतं.

मोजायचं व्हर्नियरने. भोकांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, त्यातून साडेचार वजा करायचे. मारा टार्गेटच्याच कार्डावर. वहीचा कागद फाटतो, मग काय मोजणार, कपाळ?

मृण्मयी_सातारा

काका, हे कुणी इतक्या सोप्या शब्दांत सांगितलंच नव्हतं. पण टेस्टिंगसाठी चार जातींचे चार डबे विकत घ्यायचे म्हणजे आधीच दोन महिन्यांचं बजेट गेलं.

जुना_नेमबाज

विकत कशाला? रेंजवर प्रत्येकाकडे वेगळा डबा असतो. पन्नास-पन्नास मागून घ्या, त्यांना पन्नास परत करा. डब्यावरच्या स्टिकरचा फोटो मात्र काढून ठेवा.

हिशोबी

ताईंनी "किती" विचारलंय म्हणून आकड्यांत बोलतो. गणिताचा कंटाळा असलेल्यांनी पुढच्या प्रतिसादावर उडी मारावी.

एअर रायफलच्या टार्गेटचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. नऊचं वर्तुळ ५.५ मिमी व्यासाचं, पुढे प्रत्येक वर्तुळ ५ मिमीने मोठं. छर्र्याची कड रेघेला लागली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छर्र्याचं केंद्र मध्यापासून २.५ मिमीवर असलं तर १०.०, ५ मिमीवर असलं तर ९.०. दर पाव मिलिमीटरला दशांशाचं एक घर जातं. मिलिमीटरचा पाव भाग. आता हे डोक्यात ठेवा.

शॉटला सरासरी साडेनऊ म्हणजे केंद्रापासून सरासरी पावणेचार मिमी. ही लेकीची स्वतःची चूक धरू: होल्ड, ट्रिगर, श्वास, सगळं धरून. छर्र्याची स्वतःची चूक वेगळी. बॅरलला जुळलेल्या चांगल्या लॉटची सरासरी ०.४ मिमी धरा, न जुळलेल्या खराब मालाची १.२. हे आकडे मी धरलेत, तुमचे टेस्टिंगनंतर कळतील. या दोन चुका एकमेकींत सरळ मिळवायच्या नसतात, कारण एकीला दुसरीची खबर नसते. कधी छर्रा लेकीची चूक वाढवतो, कधी झाकतो. दोन्हींचे वर्ग करायचे, बेरीज करायची, वर्गमूळ काढायचं.

चांगला लॉट: ३.७७ मिमी. खराब माल: ३.९४ मिमी. फरक ०.१७ मिमी, म्हणजे शॉटला साधारण ०.०७ गुण. ६० शॉट्सला चार गुण.

आता मधला डबा घ्या, पण बॅरलला जुळणारा. चूक ०.६ धरली तर एकूण ३.८० येते. महागाच्या तुलनेत ६० शॉट्सला अर्धा-पाऊण गुण गेला, बस.

हेच गणित शॉटला साडेदहा मारणाऱ्याला लावा. त्याची स्वतःची चूक सव्वा मिमी. खराब मालाने त्याचे दहा गुण जातात, मधल्या डब्याने दोनेक. आणि दोन गुण त्या पातळीवर किती? पॅरिस २०२४, महिला एअर रायफल, पात्रता फेरी: रमिता जिंदल ६३१.५ ला पाचवी, फायनलमध्ये. इलावेनिल वलारिवन ६३०.७ ला दहावी, बाहेर. मधे ०.८ गुण.

थोडक्यात, माणूस जितका चांगला तितका छर्रा महत्त्वाचा. नवख्याला, म्हणजे ओपन साइटवर (भोकाऐवजी उघड्या खाचेतून नेम धरून) सात-साडेसात मारणाऱ्याला, महाग-स्वस्तात एक-दीड गुणाचा फरक पडेल. तो त्याला दिसणारही नाही.

मृण्मयी_सातारा

म्हणजे आमच्या केसमध्ये खरा फरक स्वस्त आणि मधल्यात आहे, मधल्या आणि महागात नाही?

हिशोबी

जुळला तर. पुन्हा लिहितो, जुळला तर.

पन्हाळा_एक्सप्रेस

काही लोक छर्रे सोनाराच्या काट्यावर मोजून ०.५३ ग्रॅमचे वेगळे काढतात ना? आमच्या रेंजवर एक काका रविवारी दुपारी तेच करत बसलेले असतात. त्याने काय होतं?

हिशोबी

काकांची दुपार चांगली जाते.

गंमत सोडा, हेही मांडून बघा. रायफलचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने निघतो. १० मीटर जायला सेकंदाचा सहा शतांश भाग. तेवढ्यात गुरुत्वाकर्षणाने तो १७-१८ मिमी खाली येतो, आणि ते साइटमध्ये आधीच धरलेलं असतं. एखादा छर्रा एक टक्क्याने जड निघाला तर, ऊर्जा तीच धरून, वेग अर्ध्या टक्क्याने कमी. खाली येण्यात फरक ०.१८ मिमी. दशांशाचं एक घरही नाही. आणि मॅच ग्रेडमध्ये एक टक्काही फरक सहसा नसतो. वजनापेक्षा स्कर्ट बघावा.

जुना_नेमबाज

स्कर्ट बघायची युक्ती सांगतो. खिडकीची काच किंवा आरसा घ्या, थोडासा कलता ठेवा. छर्रे एकेक करून वरून सोडा. डोकं आणि स्कर्ट यांचे व्यास वेगळे, त्यामुळे छर्रा सरळ न जाता वळण घेत घरंगळतो. चांगले सगळे एकाच वळणाने जाऊन जवळजवळ एकाच जागी थांबतात. स्कर्ट चेपलेला असेल तर तो मधेच अडखळतो, टप-टप करत जातो, कुठेतरी भलतीकडेच पोचतो. देशी डबा ओतला की ही जत्रा बघायला मिळते. मॅचच्या डब्यात असा एखादा निघतो, तोही बहुतेक वेळा मोटारसायकलच्या डिकीत खडखडत आलेला. डबा कापडात गुंडाळून, दप्तरात उभा ठेवून न्या. रिकामी जागा झाली की आत फोमचा तुकडा घाला.

चिंतामणराव

हिशोबी यांचं गणित मान्य. पण एक गोष्ट त्यात बसत नाही. मुलगी लेनवर उभी आहे, सायटिंग (मॅचआधी साइट जुळवायचे शॉट) चालू आहे, आणि एक ९.२ येतो. हातात साधा डबा असेल तर तिच्या डोक्यात पहिला विचार कुठला? "पेलेटमुळे झालं." पुढचा शॉट ती त्या विचारानेच मारणार. चांगला छर्रा हातात असला की ही पळवाट बंद होते. चूक झाली ती माझी, मी दुरुस्त करणार. या एका कारणासाठी मी माझ्या मुलाला पहिल्या दिवसापासून मॅचचेच दिले. महागात पडलं, पण मनात शंका राहिली नाही.

अभिनव बिंद्राने २००८ ला बीजिंगमध्ये शेवटचा शॉट १०.८ मारून सुवर्ण घेतलं. त्या क्षणी छर्र्याबद्दल तिळमात्र शंका असती तर?

रेंजवरचा_बाबा

चिंतामणराव, बिंद्राचं उदाहरण नववीतल्या मुलीला लावू नका हो. पोरं कारण शोधणारच. पेलेट चांगला दिला की जॅकेट सैल, जॅकेट नवं घेतलं की लाइट बरोबर नाही, लाइट बदलला की शेजारच्या लेनवाला खोकला. मी तीन बॅच पोरं बघितलीत.

शंका घालवायची असेल तर टेस्टिंगचं कार्ड तिच्या किटमध्ये चिकटवा. दहा छर्रे, एक भोक. ते बघितलं की कळतं रायफल काय करू शकते ते. नव्या मॅच रायफलबरोबर कारखाना असंच एक कार्ड पाठवतो. सेकंडहँडवाल्यांचं पहिल्या मालकाकडेच राहून जातं.

चिंतामणराव

कार्डाची कल्पना आवडली. बाकी मत कायम.

कुंभारवाडा

ताई, कडू बोलतो, राग मानू नका. महिन्याला चार महाग डबे घेण्याऐवजी तेच पैसे साठवून तिच्या मापाचं नेमबाजीचं जॅकेट घ्या. तुमच्या धाग्यात किटचा उल्लेखच नाही. उधारीचं, दुसऱ्याच्या मापाचं जॅकेट घालून उभी राहत असेल तर पावणेचार मिलिमीटरमधले एक-दीड तिथेच जातायत. आणि ड्राय सराव फुकट असतो. घरच्या भिंतीवर ठिपका, रिकामी रायफल, रोज अर्धा तास. त्यात छर्रा एकही खर्च होत नाही आणि ट्रिगर सुधारतो.

मृण्मयी_सातारा

राग कसला. जॅकेट उधारीचंच आहे, क्लबातल्या एका मोठ्या मुलीचं. खांद्यात बसतं, कमरेत नाही. घ्यायचंय, पण वाढतं वय, दरवर्षी कोण घेणार?

कुंभारवाडा

कमरेची बटणं सरकवून शिवून मिळतात. सतरंजी-तंबूवाला शिंपी गाठा, साध्या शिंप्याची सुई त्या कापडात मोडते.

बर्मिंगहॅमकर

माझा अनुभव वेगळ्या खेळातला आहे, पण प्रश्न तोच म्हणून लिहितोय. इथे इंग्लंडमध्ये मी एअरसॉफ्ट खेळतो, स्नायपरच्या भूमिकेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रानात दोन टीम, प्लॅस्टिकच्या ६ मिमी गोळ्या (बीबी म्हणतात), लागली की प्रामाणिकपणे हात वर करून बाहेर. बंदुकीला इथल्या कायद्याने ऊर्जेची मर्यादा आहे, एकेक गोळी मारणारीला २.५ ज्यूल आणि सलग मारणारीला १.३.

आमच्याकडेही हाच वाद कायम पेटलेला असतो. साध्या ०.२० ग्रॅमच्या गोळ्या हजारोंनी स्वस्तात मिळतात. स्नायपरच्या ०.४३, ०.४५, ०.४८ ग्रॅमच्या "प्रिसिजन" गोळ्या त्याच्या कितीतरी पट महाग. घ्याव्यात का? माझं उत्तर निःसंकोच हो, पण त्यातली पहिली दोन कारणं तुमच्या रेंजला लागू नाहीत, तरी सांगतो.

पहिलं म्हणजे अंतर. आम्ही ६०-७० मीटरवर मारतो, उघड्यावर, वाऱ्यात. हलकी गोळी निघते जोरात, पण हवेत लगेच मरते आणि फांदीच्या वाऱ्यानेही भरकटते. ०.४८ ची गोळी त्याच ऊर्जेत सेकंदाला जेमतेम १०० मीटरने निघते, पण वेग टिकवते. वर हिशोबी म्हणाले १० मीटरला वजनाने फरक पडत नाही. आमच्याकडे वजन हाच निम्मा खेळ.

दुसरं, आमच्या बॅरलला खाचाच नसतात. आतून गुळगुळीत नळी, आणि सुरुवातीला वरच्या बाजूला रबराचा एक उंचवटा, हॉप-अप. तो गोळीला उलटी फिरकी देतो, त्या फिरकीने गोळी हवेत उचलून धरली जाते. गोळी ५.९५ मिमीच्या आसपास, नळी ६.०१ किंवा ६.०३. गोळीत हवेचा बुडबुडा असला, जोडाची रेघ राहिली असली, की फिरकी लंगडी होते आणि चाळीस मीटरनंतर गोळी डावीकडे झाडाला नमस्कार घालते. स्वस्तातली गोळी अर्धी कापून बघा, बुडबुडा डोळ्यांनी दिसतो.

तिसरं कारण पैशाचं, आणि मला वाटतं इथे ते सगळ्यात महत्त्वाचं. स्नायपर दिवसभर झुडपात पडून असतो. शंभर गोळ्याही संपत नाहीत. हजार गोळ्यांची बाटली महिनोन्महिने पुरते. मशीनगनवाल्याने त्याच गोळ्या भरल्या तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत दिवाळं निघेल. म्हणून महाग-स्वस्त हे डब्याच्या किमतीवर ठरत नाही, तुम्ही दिवसाला किती उडवता त्यावर ठरतं. तुमची लेक आठवड्याला डबा संपवते म्हणजे खर्चाच्या बाबतीत ती मशीनगनवाली आहे, आणि मॅचच्या दिवशी स्नायपर. दोन्ही दिवशी एकच डबा कशाला?

अनुस्वार

बर्मिंगहॅमकर, मस्त प्रतिसाद. लागली तर प्रामाणिकपणे बाहेर? आमच्याकडे गल्ली क्रिकेटमध्ये बॅट लागल्याचंही कुणी कबूल करत नाही.

बर्मिंगहॅमकर

इथेही करत नाहीत सगळे. म्हणून तर महाग गोळी. दोनदा लागल्यावर लाजून बाहेर जातात.

पन्हाळा_एक्सप्रेस

.२२ वाल्यांचं, म्हणजे काडतुसाच्या रायफलवाल्यांचं, कुणी लिहिलं नाही अजून. कोल्हापुरात राहून हा विषय टाळता येत नाही. २०१० ला म्युनिकमध्ये तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनची (पालथं झोपून मारायची) जगज्जेती झाली, २०२४ ला पॅरिसमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) ४५१.४ वर ब्राँझ घेतलं. त्या खेळात काडतूस. आणि लॉट टेस्टिंग तिथे रिवाजच आहे. इलेसारख्या काडतुसांच्या कंपनीच्या टेस्ट रेंजवर नेमबाज स्वतःचं बॅरल घेऊन जातात, शिकंजात बांधून लॉटमागून लॉट मारून बघतात आणि जो जमला त्याची पेटीच्या पेटी उचलतात. एकाच नावाचं, एकाच किमतीचं काडतूस, पण एक लॉट जमतो, शेजारचा नाही. म्हणजे सगळ्यात महाग माल वापरणारी माणसंही नुसत्या नावावर विश्वास ठेवत नाहीत.

जुना_नेमबाज

अगदी. आणि ५० मीटरला चूक पाचपट मोठी होऊन दिसते. १० मीटरला छर्रा बऱ्याच गोष्टी पोटात घालतो.

चिपळूणची_सुमन

माझा मुलगा पिस्तूलवाला. दोन गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत म्हणून लिहिते.

पिस्तूल आणि रायफलचे छर्रे एकच समजून दुकानदार काहीही देतात. पिस्तूलला हलके येतात, ०.४५ ते ०.४९ ग्रॅम. पिस्तूलच्या टार्गेटचं दहाचं वर्तुळच ११.५ मिमीचं, त्यामुळे वरचा सगळा हिशोब आम्हाला निम्म्यानेही लागू नाही. पिस्तूलवाल्या आई-बापांनी हा धागा वाचून महाग डब्यांमागे धावू नये.

दुसरं पावसाळ्याचं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर उघड्या डब्यातल्या छर्र्यांवर पांढुरकी पूड धरते. शिसं गंजतं म्हणा. तो छर्रा महागातला असो की साधा, कामातून गेला. हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. आणि ती पूड पोटात जाऊ देऊ नका. छर्रे हाताळून झाले की साबणाने हात धुवायचे, मगच वडापाव. पोरं दोन छर्रे ओठांत धरून लोड करतात, ते तर अजिबात चालू देऊ नका. पेलेटच्या किमतीवर एवढी चर्चा होते, यावर रेंजवर कुणी बोलत नाही. वॉश बेसिनला साबण असेल तर नशीब.

रेंजवरचा_बाबा

सुमनताई, शंभर टक्के. आमच्या रेंजवर मी साबण दोरीला बांधून ठेवलाय.

मृण्मयी_सातारा

सगळ्यांचे आभार. टेस्टिंग झालं, निकाल देते.

आधी स्क्रू. पुढचा खरोखरच ढिला होता. आवळला, बॅरल साफ केलं (फेल्टच्या पहिल्या चार-पाच गोळ्या काळ्याकुट्ट निघाल्या), मग क्लबच्या शिकंजात. दहाचे तीन-तीन ग्रुप, बाहेरून बाहेर मोजलेली सरासरी अशी:

देशी साधा: ७.६ मिमी. मधला, ४.५०: ६.४. तोच मधला, ४.४९: ५.७. मॅच ग्रेड, ४.५०: ६.२. मॅच ग्रेड, ४.४९: ५.४.

म्हणजे आम्ही जो महाग ४.५० घ्यायच्या बेतात होतो, त्याच्यापेक्षा मधला ४.४९ चांगला लागला. सर दोन मिनिटं कार्डाकडे बघतच राहिले.

ठरलं असं: सरावाला मधला ४.४९, आणि मॅच ग्रेड ४.४९ चा एक डबा, फक्त स्पर्धेसाठी आणि स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यासाठी. उरलेल्या पैशांचं जॅकेटचं पाकीट वेगळं ठेवलंय. चिंतामणराव, कार्ड किटमध्ये चिकटवलं.

एक शंका अजून आहे. सरावाला एक छर्रा आणि स्पर्धेला दुसरा, तर झिरो (साइटची जुळणी) सरकणार ना?

जुना_नेमबाज

सरकणार. टेस्टिंगच्या कार्डांवर बघा, दोन्हींचे ग्रुप एकाच जागी नसतील. साइटचे किती क्लिक वर-खाली, डावी-उजवीकडे लागतात ते मोजून वहीत लिहा. स्पर्धेत तयारी आणि सायटिंगला १५ मिनिटं मिळतात, त्यात निवांत होतं. पण आधीचा आठवडा मॅचच्याच छर्र्यावर मारून घ्यायचं तुम्ही ठरवलंय ते उत्तम. आणि त्या डब्याचा लॉट नंबर जपा. पुढचा डबा त्याच लॉटचा मिळाला तर डोळे मिटून घ्या, नाही मिळाला तर परत शिकंजा.

हिशोबी

ताई, साध्याचा ७.६ म्हणजे केंद्र ते केंद्र ३.१. माझा अंदाज फार चुकला नाही म्हणायचा. पंधराही ग्रुपचे फोटो टाकता का? सरासरी अंतर काढून देतो.

चिंतामणराव

आमच्या घरातल्या मॅचच्या डब्यांवरचं स्टिकर आत्ता जाऊन बघितलं. सगळे ४.५१. मुलाच्या बॅरलला जुळतात का ते कधी तपासलंच नाही. शनिवारी शिकंजा मागतो.

पन्हाळा_एक्सप्रेस

चिंतामणराव, नाही जुळले तर मला सांगा. माझ्या रायफलला ४.५१ च लागतो आणि इथे सध्या कुठेच मिळत नाहीये.

चिंतामणराव

शनिवारनंतर व्यक्तिगत निरोप पाठवतो. भाव मात्र नव्या डब्याचाच लागेल हं.